न्हाणीमागचं रोप

आमचे केजचे घरमालक उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार तोंड उघडत नसत. झोपलेले नसत, चांगले टक्क जागे असत. दारालगतच्या ढेलजेत बाज टाकलेली, अंगावर भर वैशाखात जाडजूड घोंगडी, आणि ओठ गच्च मिटलेले. कुणी दारात येऊन काही विचारलं तर ते बोटं दाखवत. एक बोट म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे सांजच्याला ये, आणि सगळा पंजा दाखवला तर पुन्हा येऊच नको. मी पहिल्यांदा जागा बघायला गेलो तो नेमका दुपारी एकला. त्यांनी मला पंजा दाखवला. मला वाटलं, पाच वाजता बोलावलंय. पाचला हजर झालो.

"तुमी परत कावून आलात?" ते म्हणाले. "पंजा दावला न्हवता का?"

मी माझी समजूत सांगितली. ते हसले नाहीत. मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि मागच्या दोन खोल्यांची किल्ली हातावर ठेवली. "उन्हात चार तास बाहेर काढलेत," ते म्हणाले. "ऱ्हावा."

ही गोष्ट सांगितली की पंगतीत लोक हसतात. लग्नाकार्यात मी ती किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. तिच्या पुढचं मात्र कधी कुणाला सांगितलं नाही. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, जेवण झाल्यावर आडवा झालो की ते पुढचंच आठवतं आणि झोप लागत नाही. कंटाळा आलाय त्याचा. आमच्या मंडळींना वाचता येत नाही, म्हणून कागदावर उतरवून टाकतो.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो. निजामाचं राज्य, दप्तर सगळं उर्दूत, आणि माझ्यासारख्या मोडी गिरवलेल्या माणसाला कुठंही फेकायला साहेबलोक मोकळे. गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला जन्म गेला आणि बदली झाली केजला. मंडळी माझ्याहून पक्की गंगाकाठची. तिच्या माहेरी परसात केळी, दारातून नदी, आणि पाणी म्हणजे सांडायची वस्तू. इथं आल्यावर मालकांनी पहिल्याच दिवशी आडाजवळ उभं राहून तिला सांगितलं, "माय, रोज दोन घागरी. तिसरी न्हाई." आडाला पाणी भरपूर होतं, वाकून बघितलं तर तोंड दिसायचं. तरी दोनच. तिनं पदर पुढं ओढला, आणि आत आल्यावर मला जे बोलली ते मी मालकांपर्यंत पोचवलं नाही.

तिनं माहेरून केळीचा एक मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेला कोंब, आणून मागच्या दाराशी लावला होता. महिन्याभरात तो काळा पडून वाकला. मालक रोज येता-जाता बघत. मेल्यावर त्यांनी त्याच्या बुडाची माती टोपल्यात भरून नेली. मंडळींनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

गावात त्यांना प्यासेसाहेब म्हणत. मुसलमान मोहल्ल्यात कुणीतरी थट्टेनं नाव पाडलं आणि ते चिकटलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. सारी उमर पैमाइशीच्या खात्यात गेलेली. जमीन मोजायची साखळी घेऊन जिल्ह्यातला एकूणएक माळ त्यांनी पायाखाली घातला होता. इतर मोजणीदारांनी त्यातून ओळखी जमवल्या, जमिनी जमवल्या. ह्या माणसानं झाडं बघितली. ओलीत कोण उगवतं, मुरमात कोण, चुनखडीत कोण, खडकाच्या फटीत कोण, आणि कुठल्या जोरावर. दुसरा विषय नाही. बायको केव्हाच गेलेली, त्यामुळं थांबवणारंही कुणी नव्हतं.

सकाळी ते मला माळावर ओढून न्यायचे. मला कचेरी असायची, पण घरमालकाला नाही म्हणता येत नाही.

"हा हिवर," ते काठीनं दाखवत. "बाभळीचा भाऊ. पान बघा केवढं. मसुरीच्या डाळीएवढं न्हाई. आन तुमची केळ? हातभर रुंद पान. पान म्हंजी उघडं तोंड, गंगथडीवाले. तेच्यातून ओल जाती. केळीच्या बुडाला गंगा व्हाती, ती तोंड वासून बसंल न्हाईतर काय. हितं तोंड वासलं की मेलं."

मग रुई. तिच्या पानावरून मला बोट फिरवायला लावायचे. "मेण लावलंय का न्हाई? आतली ओल आत. आन गुरानं तोंड घातलं तर चीक." मग निवडुंग. "ह्यानं पानाचे काटे केले आन अंगाचा रांजण केला. आखाडात भरून ठिवतो, जेठापर्यंत पुरवतो." मग नेपती, जिला पानंच नसतात. "हिनं तर तोंडंच बंद करून टाकली. नुस्त्या हिरव्या काड्या. काडीवर भागवती. हाय का न्हाई अक्कल?"

मी खाली बसून धोतरात घुसलेली कुसळं उपटत असायचो. ते त्यातलंही एक हातात घ्यायचे. शेपटीला पीळ कसा आहे ते दाखवायचे, त्यावर थुंकी लावायचे, आणि तो पीळ आपोआप उलगडत ते बी तळहातावर गरगर फिरायला लागायचं. "ओल लागली की फिरतं आन मातीत शिरतं. गवताच्या बियाला ठाव हाय पाऊस आलाय म्हून. तुमच्या तहसीलदाराला ठाव असतंय का?"

एक वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की मला झोपेतही ऐकू यायचं. "झाडाला पाय न्हाईत, म्हून त्याला अक्कल हाय. माणसाला पाय दिले आन वाटोळं झालं. दुस्काळ पडला की उचललं गठुडं, चालला वऱ्हाडात. झाडानं कुठं जावं? जिथं पडलं तिथंच डोकं चालवावं लागतं त्याला."

एकदा वैतागून मी म्हटलं, "मालक, मग आम्ही गंगाकाठच्या माणसांनी इथं करावं काय?"

"शिकावं," ते म्हणाले. "दोन घागरीपासून सुरवात करावी."

त्यांचा स्वतःवरही हाच प्रयोग चाललेला असे. दुपारचं मौन झाडांकडून घेतलेलं. भर उन्हात पुष्कळ झाडं पानं मिटून घेतात, मग आपण कशाला बडबडावं. घोंगडी म्हणजे बाभळीची जाड साल. बाज अशी लावायचे की ऊन अंगावर पसरून पडू नये, नुसतं तळपायावर पडावं, कारण काही झाडं उन्हाकडं पानाची कड करतात म्हणे. सकाळी अर्धा तांब्या पाणी, सूर्य बुडाल्यावर अर्धा. मधे तोंडात एक गुळगुळीत खडा. तो खडा गालात इकडून तिकडं फिरवताना त्यांचा चेहरा असा दिसे की कचेरीतले लोक रस्त्यानं जाताना हसून घेत. मीही हसलोय.

मागच्या अंगणात, भिंतीला लागून, त्यांची सात रोपं होती. ते खरं काम. कुंभाराकडच्या फुटक्या घागरी आणायच्या, त्यांची बुडं ठोकून काढायची, तीन घागरी एकावर एक रचायच्या, आत मुरूम-माती भरायची, तळाशी चपटा दगड. कमरेएवढी उंच ती मातीची नळी, आणि वर कडुलिंबाचं बोटभर रोप. बीसुद्धा आडाजवळच्या लिंबाचं नाही, माळावरच्या एका वाकड्या लिंबाचं. "तहानेल्या आयचं लेकरू पायजे." मातीत मधोमध वेळूची पोकळ नळी तळापर्यंत खोचलेली. पाणी वरून घालायचं नाही, त्या नळीतून थेट तळाशी सोडायचं, म्हणजे मूळ पाणी शोधत खाली जातं. पहिल्या वर्षी रोज ओंजळभर. दुसऱ्या वर्षी चार दिवसांनी, मग आठ दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यात काहीच नाही. "तहान शिकवावी लागती," ते म्हणायचे. "एकदा शिकलं की मंग त्याला कुणाची गरज न्हाई."

आठवं एक रोप होतं. भिंतीशी जागा पुरली नाही म्हणून ते त्यांच्या न्हाणीच्या मागं, त्यांच्या खाजगी चौकात ठेवलेलं. त्या चौकाच्या दाराला कुलूप असे.

एवढा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, माळावर बसून, खडा तोंडातून काढून. मोमिनाबादच्या वाटेवर दोन कोस बोडका माळ लागतो. त्यापलीकडच्या गावात त्यांची एकुलती एक मुलगी दिलेली होती. पोटुशी होती, वैशाखात माहेरी यायला निघाली, गाडी मोडली म्हणून चालत निघाली. "त्या माळावर टेकायला एक झाड न्हवतं," ते म्हणाले. "माझ्याच साखळीनं मोजलेला माळ. मी कागदावर लिव्हलं होतं, बिनझाडाचा." त्या वाटेवर आठ लिंब उभे करायचे, एवढंच त्यांना करायचं होतं. तिथं पाणी घालायला कुणी जाणार नव्हतं, म्हणून झाडांनी ते आधीच शिकून जायला हवं होतं. त्यांनी खडा परत तोंडात टाकला आणि आम्ही घरी आलो.

मला त्यांचं वाईट वाटलं. मी घरी मंडळींना सांगितलं. तिलाही वाटलं, माझ्यापेक्षा जास्तच.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्या साली ती नारायणगडाला दर्शनाला गेली आणि तिथं पायरीवर बसलेल्या एका म्हातारीनं तिला नेम सांगितला. पाडव्यापासून रोहिण्या लागेपर्यंत रोज सात तहानलेल्या जीवांना पाणी द्यायचं, आपल्या वाट्याचं, कुणाला न कळता. कळलं की नेम मोडला.

सात तहानलेले जीव तिला शोधायला लागले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतच होते.

मला कळलं ते असं. वैशाखात एका दुपारी कचेरीत अंगात ताप भरला आणि मी रुखसत घेऊन घरी आलो. मालक ढेलजेत, तोंड रस्त्याकडं, गालात खडा. त्यांनी मला दोन बोटं दाखवली, बहुतेक सवयीनं. मागं गेलो तर मंडळी अनवाणी, तापलेल्या फरशीवर, तांब्या घेऊन एका रोपाकडून दुसऱ्या रोपाकडं चाललेली. प्रत्येकाच्या बुडाशी घोट-घोट पाणी, आणि त्यावर चिमूटभर कोरडी माती भुरभुरायची, म्हणजे ओल दिसू नये. मला बघून तिनं तांब्या पदराआड घेतला.

"सांगू नका," ती म्हणाली. "दिसलं तर दिसलं. तोंडानं सांगू नका."

मी आत जाऊन आडवा झालो. तापात मला इतकंच वाटलं की तरीच हल्ली प्यायला पाणी कमी पडतंय. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं. सात रोपांत मिळून एक तांब्या, त्यानं काय होतंय. म्हाताऱ्याच्या हट्टापायी ती बिचारी तडफडत होती, त्यांना घोटभर पाणी मिळालं तर पुण्यच की. शास्त्र त्याचं त्याच्याजवळ, असं मी म्हटलं आणि कूस बदलली.

त्या उन्हाळ्यात मालक जितके आनंदात होते तितके मी त्यांना कधी पाहिले नाहीत. वैशाख संपत आला, दोन महिने पाण्याचा थेंब नाही, आणि सातही रोपं तुकतुकीत. तांबूस कोवळी पालवी फुटलेली. ते माणसं बोलावून दाखवत. शाळेचे मास्तर येऊन गेले. तहसीलदारसाहेबही एकदा घोड्यावरून उतरून आत आले, रुमालानं मान पुसत रोपांकडं बघून "माशाल्ला" म्हणाले. मालकांनी त्या दिवशी बाराच्या पुढंही तोंड उघडं ठेवलं. "शिकली," ते सगळ्यांना सांगत होते. "तहान शिकली पोरं." मी तिथं उभा होतो. मंडळी दाराआड होती.

आठव्याचं मात्र काही खरं नव्हतं. मला त्यांनी एकदा कुलूप काढून दाखवलं. पानं गळून नुसती काडी उरलेली, बोटानं टिचकी मारली तर वाळल्यासारखा आवाज. "हे मठ्ठ हाय," ते म्हणाले. "एका वर्गात एक असतंच. टाकून द्यावं म्हन्तो." टाकलं नाही. जीव होईना त्यांचा.

आषाढात ती आठही रोपं एका धनगराच्या गाडीतून माळावर गेली. धनगर त्यांचा जुना दोस्त, मेंढरं तिकडं फिरकणार नाहीत असं त्यानं कबूल केलेलं. पावलं मोजून, दोन कोसांत सारख्या अंतरानं, त्यांनी ती स्वतः लावली. प्रत्येकाला बोराटीच्या काट्यांचं कुंपण. मठ्ठ सगळ्यात शेवटी, ओढ्यापासून लांब, वाईट जागी. चांगली जागा चांगल्यांना. परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मंडळींना विचारून आमच्याकडे भाकरी खाल्ली. ती वाढताना हसत होती. तिला दिवस गेले आहेत असं मला त्याच आठवड्यात समजलं होतं.

तो पावसाळा ठीक गेला, पण हिवाळ्यात ओलीचा ठिपका नाही आणि माघापासूनच ऊन तापायला लागलं. मंडळी बाळंतपणाला माहेरी गेलेली. मालक दर चार दिवसांनी माळावर जात आणि येताना गप्प येत. एकदा धनगर येऊन म्हणाला, "मालक, दोन घागरी गाडीत टाकून नेऊ का? मी घालतो." ते म्हणाले, "न्हाई. शिकल्यात ती."

फाल्गुनात मी कचेरीतून आलो तर ते मागच्या अंगणात उकिडवे बसलेले. समोर सात वाळली रोपं, मुळांसकट खणून आणलेली. एक त्यांच्या हातात होतं. मला जवळ बोलावलं.

"हे बघा, गंगथडीवाले. मूळ बघा."

कमरेएवढं खोल गेलेलं मूळ वीतभराच्या खाली वाळून सुतळीसारखं झालं होतं. वरच्या मातीत मात्र केसासारख्या मुळ्यांचं जाळं, बायकांच्या डोक्यातला गुंता असतो तसं. सातही तशीच.

"मी पाणी खाली देत व्हतो," ते म्हणाले. "मुळं वर आली. वर कावून आली? वर काय व्हतं?"

खरंच विचारत होते. मी कधीतरी झाडांचं ऐकलं असेल, मला काही सुचेल, अशा आशेनं माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि माझ्या कोटाच्या खिशात त्या दिवशी सकाळीच सासुरवाडीहून आलेला निरोप होता. सात वर्षांनी. नेम फळला होता, आणि कुणाला कळलं की मोडतो.

"मालक," मी म्हटलं, "मला मुलगी झाली."

त्यांनी हातातलं रोप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले आणि गुळाचा खडा घेऊन आले. हात धुवायचे राहिले होते. तसाच मातीचा हात माझ्या तोंडापाशी आणून त्यांनी मला गूळ भरवला. "लक्ष्मी आली," ते म्हणाले. "लई बरं झालं. लई बरं झालं." त्या गुळात मुरूम कचकचला. मी तो गिळला.

आठवडाभरानं धनगराकडून कळलं की आठवं जिवंत आहे. त्या मठ्ठाला माळावर पालवी फुटली होती. त्यांनी ते ऐकलं आणि नुसती मान हलवली. "म्हंजी शिकवून काय व्हत न्हाई," ते म्हणाले. "बियातच असावं लागतं. मी हुशार म्हन्लो ती मेली, मठ्ठ जगलं. मला काय बी कळत न्हाई, कारकून."

त्यानंतर त्यांनी घागरी फोडल्या. आडावरची बंदी उठवली. "न्या किती पायजे तितकं" म्हणाले. घोंगडी धनगराला दिली. दुपारी बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला लागले, पिकाबद्दल, बाजाराबद्दल, कुणाच्या लग्नाबद्दल. घटाघट पाणी प्यायचे. गावाला वाटलं म्हातारा ताळ्यावर आला. मंडळी मुलीला घेऊन परत आली तेव्हा तिला माळावर रोपं वाळल्याचं कळलं, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माळावर माझं पाणी कुठं पोचणार होतं." मी मुलीला मांडीवर घेतलं. पुढं माजलगावला बदली झाली, आणि खोटं कशाला बोलू, हलताना मला सुटल्यासारखं वाटलं.

सहा वर्षं गेली. एका माघात कचेरीच्या कामानं मोमिनाबादमार्गे केजला जाणं झालं. त्या माळावर गाडीवाल्यानं बैल सोडले, आणि मी खाली उतरल्यावर लक्षात आलं की सावलीत उभा आहे. दोन पुरुष उंच लिंब. खोडाशी मेंढरांच्या लेंड्या, कुणीतरी चूल मांडल्याचे तीन दगड. माणसं तिथं टेकत होती.

घरी गेलो तो दुपारी. मालक त्याच बाजेवर, डोळ्यांत फुलं पडून दृष्टी गेलेली, आवाजावरून मला ओळखलं. खूप बोलत होते. मी मधेच म्हटलं, "मालक, एक सांगायचं राहिलंय," आणि सांगितलं.

त्यांनी मोजणीदारासारखं एकेक विचारलं.

"किती?"

"सातांत मिळून एक तांब्या. रोज."

"वरून?"

"वरून."

"नळीतून न्हाई?"

"नाही."

"आठव्याला?"

"आठवं तुमच्या न्हाणीमागं होतं. तिथं कुलूप."

"मी त्याला मठ्ठ म्हन्लं," ते मग म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुमाला कवापासून ठाव हाय?"

"त्याच उन्हाळ्यापासून."

"मी मुळं हातात धरून इचारलं तवा?"

"तेव्हाही."

त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मला ते कधी अरेतुरे करत नसत. "सहा वर्सं," ते म्हणाले. "सहा वर्सांत दोन खेपा झाल्या असत्या बे."

मग त्यांनी ओठ मिटले आणि मला पंजा दाखवला.

आता मला त्याचा अर्थ माहीत होता. मी बाहेर पडलो. कचेरीचं काम उरकलं, मारुतीच्या पारावर बसलो. पाच वाजले तेव्हा उठून परत त्यांच्या दारात गेलो. काय म्हणून गेलो ते मला आजही सांगता येणार नाही.

ते मागच्या अंगणात होते. कुठून तरी एक जुनी घागर काढली होती, ती मांडीत उलटी धरून, दिसत नसताना, दगडानं चाचपत तिचं बूड काढत होते. पावलं ओळखली. "लिंबोळ्या जेठ-आखाडात पडत्याल," ते म्हणाले. "तवर घागरी जमा करायला पायजेत. त्या मठ्ठाच्याच लिंबोळ्या घ्यायच्या, बुडाशी जुन्या बिया पडल्यात का बघा जाताना." त्यांचा चेहरा त्या उन्हाळ्यातल्यासारखा झाला होता, तहसीलदारसाहेब आले होते तेव्हासारखा. "माझं चुकलं न्हवतं," ते म्हणाले. "तहान शिकवता येती, गंगथडीवाले. माझं चुकलं न्हवतं."

मी निघताना त्यांनी विचारलं, "मायला ठाव हाय, रोपं कशानं मेली ते?"

"नाही."

"सांगू नका. तहानेल्याला पाणी देऊ नये, असं तिला कुणी शिकवलं व्हतं?"

ते जेठातच गेले, लिंबोळ्या पिकायच्या आधी. धनगरानं माजलगावच्या बाजारात मला सांगितलं. अंगणात बुडं काढलेल्या तीन-तीन घागरी रचून तयार होत्या, माती भरायची बाकी होती. "शेवटी शेवटी पुन्यांदा बिघडले व्हते," तो म्हणाला. "माझी घोंगडी मागून घेतली. बारा ते चार तोंड उघडीनात."

मी त्या घागरींत माती भरायला गेलो नाही. जाईन जाईन म्हणत राहिलो, मग नोकरी, मग मुलीचं लग्न, मग हे गुडघे. दुसऱ्या कुणी भरली असेल असं ऐकिवात नाही. त्या माळावर आजही एकच लिंब आहे.

मुलगी आमची मोमिनाबादकडं दिलीय, त्यामुळं त्या वाटेनं वर्षातून एकदा तरी जाणं होतं. दरवेळी मंडळी त्या झाडाशी गाडी थांबवायला लावते. नातवाचा हात धरून खोडाला हात जोडायला लावते, आणि गाडीतल्या तांब्यातलं पाणी बुडाशी ओतते, सगळं, मला घोटभर ठेवत नाही. गेल्या महिन्यातही तसंच. पदरानं तांब्या पुसत ती माझ्याकडं बघून म्हणाली, "माझ्या सातांतलं एक तरी जगलं."

मी हो म्हटलं आणि गाडीवाल्याला बैल जुंपायला सांगितलं.